हातच्या अंगठीला आरसा कशाला?

गेल्या महिन्यात आमच्या नगर शहरात हाताने घडविलेल्या कलात्मक अंगठ्यांचे एक प्रदर्शन तीन दिवस भरले होते. शासनदरबारी शहराचे व जिल्ह्याचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर असे झाले आहे. परंतु ज्याच्या तोंडी पन्नास वर्षे ‘नगर’ हाच शब्द बसला, त्याने लिहिण्याच्या ओघात जुने नाव वापरले तर वाचक ते क्षम्य मानतील अशी आशा आहे. चित्रांची, पुस्तकांची, फार तर फुलांची व शेतीच्या अवजारांची प्रदर्शने आम्ही नगरकरांनी पुष्कळ पाहिली आहेत. केवळ अंगठ्या, आणि त्याही सराफाच्या मालाप्रमाणे नव्हे तर कलाकृती म्हणून मांडलेल्या, हा प्रकार मात्र नवा होता. तो पाहावयास मी गेलो, पण निव्वळ रसिक म्हणून गेलो असे म्हणवत नाही. माझ्या खिशात एक जुनी अंगठी होती. ती मोडून मुलाच्या लग्नासाठी नवी घडवून घ्यावी असा घरात बेत ठरला होता, आणि नमुना निवडण्याचे काम माझ्याकडे आले होते. परीक्षकाने आपला स्वार्थ आधीच उघड करावा हे बरे, म्हणून ही गोष्ट येथेच सांगून टाकतो.

एका मध्यम आकाराच्या सभागृहात काळ्या मखमलीच्या पाटांवर सुमारे ऐंशी अंगठ्या मांडल्या होत्या. वर काच, काचेवर दिव्यांचा झोत, आणि प्रत्येकीपुढे एक इंग्रजी चिठ्ठी. काही अंगठ्या पुण्यामुंबईच्या कलाशाळांतून शिकून निघालेल्या तरुण-तरुणींनी योजिलेल्या होत्या, काही स्थानिक सुवर्णकारांच्या होत्या. द्रव्यही नाना प्रकारचे: चांदी, तांबे, पितळ, शिसवी लाकूड, काच, आणि बीदरच्या काळ्या धातूवर बसविलेली रुप्याची तार. सोन्याच्या अंगठ्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच. दाराजवळच्या कोपऱ्यात एक वृद्ध सोनार ऐरण, फुंकणी, सांडशी व लहानशी शेगडी घेऊन बसले होते. लोकांना काम प्रत्यक्ष दाखवावे म्हणून त्यांना बोलाविले होते. लोक दोन मिनिटे थबकत, त्यांचे छायाचित्र घेत, व पुढे जात.

अशा प्रदर्शनाची परीक्षा कोणत्या कसाने करावी, हा प्रश्न मला पहिल्या पाटापाशीच पडला. आपल्या भाषेत एक म्हण आहे, हातच्या काकणाला आरसा कशाला? ही म्हण आपण उघड गोष्टीला पुरावा नको एवढ्याच अर्थी वापरतो. पण तिच्यात अलंकारशास्त्रातला एक मोठा भेद दडलेला आहे, हे मला त्या दिवशी प्रथम जाणवले. नथ, कुडी, ठुशी, चंद्रहार, बुगडी हे सारे अलंकार अंगावर घालणाराने स्वतः पाहावयाचे म्हटले तर आरसा लागतो. ते दुसऱ्याच्या डोळ्यांसाठी असतात. हातातल्या अलंकारांचे तसे नाही. लिहिताना, भाजी निवडताना, पोथीचे पान उलटताना, आगगाडीत खिडकीपाशी स्वस्थ बसले असताना, अंगठी ज्याची त्याला दिसत असते. जगाला ती क्षणभर दिसते, घालणाराला जन्मभर. म्हणून अंगठीचा खरा प्रेक्षक तिचा धनीच होय, आणि त्याच्याशी ती रोज काय बोलते यावरून तिचे मोल करावे, असे माझे मत झाले.

हा कस लावला म्हणजे प्रदर्शनातील निम्म्याहून अधिक अंगठ्या उणे पडतात. सर्वांत अधिक गर्दी जिच्याभोवती होती ती चांदीची अंगठी आमच्या भुईकोट किल्ल्याच्या आकाराची होती. कल्पना चतुर खरीच. हुसेन निजामशहाने सोळाव्या शतकात दगडात बांधून काढलेला हा किल्ला गोल आहे. त्याचे बुरूज, तट व खंदक वळ्यावर बसविणे ही सूझ ज्याला सुचली तो कल्पक आहे यात संशय नाही. पण बुरूज इतके बाहेर आलेले, की ती बोटात घातली तर शेजारची दोन बोटे मिटावयाची नाहीत. किल्ल्यात १९४२ पासून पंडित नेहरू व त्यांचे सहकारी बंदीत होते हे सर्वांस ठाऊक आहे. ही अंगठी घालणाराच्या बोटांनाही तीच शिक्षा! दुसरी एक अंगठी पिंपळाच्या पानाची, तिसरी बैलाच्या मुखाची, चौथी तर लहानसे पुस्तकच, उघडणारे व मिटणारे. या सर्व काचेखाली शोभतात, छायाचित्रात त्याहून शोभतात. परंतु त्या पाहणाराकडे तोंड करून उभ्या आहेत, घालणाराकडे त्यांची पाठ आहे.

यावर एक आक्षेप येईल, व तो टाकाऊ नाही. कलावंत म्हणेल, ‘माझी अंगठी घालण्यासाठी नाहीच, अंगठी हा केवळ आकार, त्या मर्यादेत मी शिल्प रचले आहे.’ साहित्यातही रंगभूमीवर कधी न येणारी, केवळ वाचण्यासाठी लिहिलेली नाटके असतात, त्यांना आपण नाटकच म्हणतो की नाही? मी म्हणेन, होय; पण अशा नाटकातही वाचकाच्या मनात रंगभूमी उभी राहावी लागते. पात्र आत येते, बाहेर जाते, कोणी कोणाकडे पाठ फिरवितो, हे सारे वाचकाला दिसावे लागते. नाही तर ते नाटक नसून संवादरूपी निबंध होतो. तद्वत् न घालावयाच्या अंगठीतही बोटाची आठवण असली पाहिजे. ज्या वर्तुळात बोट कल्पिता येत नाही ते वर्तुळ सुंदर असेल, अंगठी नव्हे.

बोटाची आठवण म्हणजे काय, याचे चांगले उदाहरण तेथेच होते. एका पाटावर जुन्या धर्तीची अंगठ्याची अंगठी होती, एका बाजूस टोकदार ओठासारखी पुढे आलेली. अशा अंगठ्या धनुर्धारी अंगठ्यात घालीत, म्हणजे प्रत्यंचा ओढताना कातडे सोलत नसे. मुघल बादशहांनी त्या मौल्यवान जेड दगडाच्याही करविल्या. पुढे धनुष्य गेले, ओठ राहिला, आणि अंगठी केवळ मानाची खूण झाली. तरीही तिची रेषा पाहताच हात कसा वळत असेल हे कळते. एका कर्माने शतकानुशतके घासून दिलेला तो आकार आहे. शेजारीच ‘आरसी’ होती, अंगठ्यात घालावयाची, माथ्यावर इवलासा आरसा बसविलेली. जिला आरसा नको असे मी आताच म्हटले, त्या अंगठीनेच आरसा होऊन माझी थट्टा केली! पण जरा विचार करता तीही माझ्याच बाजूची साक्षीदार ठरते. कारण तिच्यात पाहावयाचे ते घालणारीनेच.

या विषयावर आमच्या वाङ्मयात कालिदासाएवढा अधिकारी दुसरा नाही. महाभारतातील शकुंतलेच्या मूळ आख्यानात अंगठी नाही. राजा तेथे जाणूनबुजून तिला नाकारतो आणि आकाशवाणी त्याला कबूल करावयास लावते. नाटकात कालिदासाने शाप आणला, आणि शापाबरोबर अंगठी आणली. आपल्याकडे १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतला’ने ती घरोघर पोहोचविली. परंतु बहुतेकांच्या स्मरणात राहते ती मत्स्याच्या पोटातली अंगठी, म्हणजे हरवलेला पुरावा. मला महत्त्वाचा वाटतो तो सहाव्या अंकातील एक बारीक तपशील. दुष्यंत विदूषकाला सांगतो, की आश्रमातून निघताना ती अंगठी तिच्या बोटात घालून मी म्हटले होते, माझ्या नावाचे एकेक अक्षर रोज मोजीत जा. ती संपतील तोवर तुला न्यावयास माणूस येईल. पाहा, अंगठी येथे पुरावा नाही, मोल नाही, अलंकारही नाही. ती एका बाईने रोज, एकांतात, वाचावयाची वस्तू आहे. जगाला दाखविण्याचा प्रसंग आला त्याच दिवशी ती बोटात नव्हती!

त्याच अंकाच्या आरंभी धीवराला पकडणाऱ्या शिपायांनाही ती अंगठी दिसते. त्यांना रत्न दिसते, राजाचे नाव दिसते, चोरी दिसते. राजा ती पाहतो तेव्हा त्याचे डोळे भरून येतात. वस्तू एकच, पाहणारे दोन. आणि नाटक संपते ते आणखी एका सूक्ष्म खुणेने. सातव्या अंकात राजा अंगठी पुन्हा तिच्या बोटात घालू पाहतो, तेव्हा ती म्हणते की माझा तिच्यावर विश्वास नाही, आपणच घालावी. अंगठीने एकदा दगा दिला, एवढाच याचा अर्थ नव्हे. आता अक्षरे मोजण्याची पाळी विसरणाराची आहे, हा त्यातला गोड दंश होय.

प्रदर्शनात कालिदासाच्या कसाला उतरणारी एक अंगठी होती, आणि ती इतकी साधी की लोक तिच्यावरून नजर न थांबविता पुढे जात होते. बाहेरून अगदी सपाट चांदीचे वेढणे. चिठ्ठी वाचली तेव्हा कळले की नक्षी आतल्या बाजूस आहे. मी व्यवस्थापकांना विनंती केली, त्यांनी काच उघडून ती माझ्या हाती दिली. आत, बोटाला टेकणाऱ्या अंगावर, पावसाच्या सरींसारख्या तिरक्या रेघा अत्यंत हलक्या हाताने खोदल्या होत्या. घातल्यावर त्या कोणालाच दिसत नाहीत. पण काढल्यावर बोटावर त्यांचा ठसा काही वेळ उमटून राहतो. करणारी मुलगी विशीतली होती. ‘हे कोणाला दिसणार?’ असे मी मुद्दामच विचारले. ती म्हणाली, ‘ज्याला दिसायला हवं त्याला, सर.’ या उत्तराला मी पूर्ण गुण दिले.

इंग्लंडात सोळाव्या-सतराव्या शतकांत अंगठीच्या वळ्यावर, पुढे पुढे आतल्या अंगाने, छोटेसे वचन कोरण्याची रीत होती. शेक्सपिअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मध्ये ग्राशियानो आपल्या बायकोने दिलेली अंगठी दुसऱ्यास देऊन बसतो, आणि वर म्हणतो की ती काय मोठी मोलाची, तिच्यावरचे वचनही सुरीवर कोरतात तसले सामान्य. नेरिसा त्याला तेथेच खडसावते, की प्रश्न मोलाचाही नाही आणि वचनातल्या काव्याचाही नाही. मरेपर्यंत बोटात ठेवीन म्हणाला होतास त्याचे काय? त्या चतुर स्त्रीने टीकाशास्त्रातला एक धडाच दिला आहे. किमतीने अंगठी तोलणारा चुकतो, आणि केवळ कारागिरीने तोलणाराही चुकतो.

ती अंगठी हाती घेतली म्हणूनच मला कळली, हे येथे नमूद केले पाहिजे. ‘कृपया हात लावू नये’ ही पाटी चित्राला ठीक आहे. अंगठीला ती लावणे म्हणजे गाणे कानात बोळे घालून ऐकणे. पंढरपूरच्या नरहरी सोनारांची कथा कोणा मराठी माणसास ठाऊक नाही? शिवाखेरीज कोणाचे मुख पाहावयाचे नाही असा त्यांचा निश्चय. विठ्ठलाचा करदोडा घडविण्याचे काम आले. दुसऱ्याने आणून दिलेल्या मापाने घडविलेला करदोडा एकदा तोकडा होई, एकदा सैल. शेवटी डोळे बांधून ते गाभाऱ्यात गेले, हाताने चाचपले, तो बोटांना शिवाच्या खुणा लागल्या. पट्टी काढली, तो समोर विठ्ठल. भाविकांनी यातून हरिहरांचे ऐक्य घ्यावे, ते योग्यच आहे. मला त्यात एका सोनाराचा अनुभवही दिसतो. दुसऱ्याने आणलेल्या मापावर दागिना बसत नाही, आणि डोळ्यांनी जो भेद केला तो बोटांनी मिटविला. स्वतःच्या धंद्यातील मूस, विस्तव, हातोडी यांचीच रूपके करून या संताने अभंग रचला, तेही उगीच नव्हे.

आता दोन दोष सांगतो, ते एकट्या या प्रदर्शनाचे नाहीत. पहिला असा, की ‘हाताने घडविलेली’ हा शब्द येथे फार सैल वापरला होता. काही अंगठ्या ठोकून व तार ओढून घडविलेल्या होत्या, तर काही उघडउघड मेणाच्या साच्यातून ओतलेल्या. ओतीव काम हलके असे मी म्हणत नाही. आमच्याच जिल्ह्यात प्रवरेकाठी दायमाबाद येथे १९७४ मध्ये सापडलेले रथ, हत्ती, गेंडा व रेडा हे कांस्याचे भरीव पुतळे मेणाच्या साच्यातूनच ओतलेले आहेत, आणि त्यांच्यापुढे आजच्या कोणाही कलावंताने हात जोडावेत. पण घडीव ते घडीव आणि ओतीव ते ओतीव. ऐरणीवरच्या अंगठीत हातोडीचा प्रत्येक घाव हा एक निर्णय असतो. साच्यातल्या अंगठीत सारे निर्णय मेणात झालेले असतात. पाहणाराला हा भेद सांगितला नाही, तर त्याची दृष्टी घडत नाही.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. चिठ्ठीवर योजकाचे नाव होते, घडविणाराचे नव्हते. पाऊसरेघांची अंगठी त्या मुलीने स्वतःच घडविली होती, परंतु पुष्कळ अंगठ्या कागदावर एकाने काढल्या व ऐरणीवर दुसऱ्याने उतरविल्या, असे चौकशीअंती कळले. कोपऱ्यातील वृद्ध सोनारांच्या हातच्या नऊ अंगठ्या तेथे होत्या. त्यांचे नाव एकीवरही नव्हते. ही फारकत आजची नाही. मुंबईची सर जे. जे. कलाशाळा १८५७ साली निघाली, आणि १८९१ च्या सुमारास तेथे लॉर्ड रे यांच्या नावाने कार्यशाळा सुरू झाल्या, त्यात हेतू हाच होता की चित्र काढणारा आणि धातू ठोकणारा एका छपराखाली यावेत. छप्पर एक झाले. पण मान मात्र दोन राहिले. एक ‘कलावंत’, दुसरा ‘कारागीर’. जुना गावसोनार आपले नाव दागिन्यावर घालीत नसे हे खरे, पण गावाला ते ठाऊक असे. आज गाव तुटले आणि नावही लागले नाही, म्हणजे तो माणूस दोन्हींकडून पुसला गेला.

तो पुसला जाण्याचा एक प्रसंग माझ्या खिशातच होता. चीनच्या आक्रमणानंतर, परकीय चलनाच्या ओढगस्तीत, जानेवारी १९६३ मध्ये केंद्र सरकारने सुवर्णनियंत्रणाचे नियम लागू केले. अर्थमंत्री मोरारजी देसाई होते. चौदा कॅरेटांहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडविण्यास बंदी झाली. बावीस कॅरेटांच्या देशात हे कोणास रुचणार? लोकांनी दागिने करविणेच थांबविले, आणि हातावर पोट असलेल्या असंख्य सुवर्णकारांचा धंदा बसला. कित्येकांनी तो कायमचा सोडला. निराशेने प्राण दिल्याच्या हकीकतीही त्या काळी देशभर ऐकू आल्या. पुढे १९६६ मध्ये शुद्धतेची मर्यादा उठली, १९६८ मध्ये सुवर्णनियंत्रणाचा कायदा झाला, व तोही १९९० मध्ये रद्द झाला. पण विझलेल्या शेगड्या कायदा रद्द झाल्याने पेटत नाहीत.

माझ्या वडिलांचे लग्न १९६३ च्या वैशाखातले. राहुरी तालुक्यातील एका गावी ते शिक्षक होते. लग्नातली अंगठी गावच्या सोनाराने कायद्याप्रमाणे चौदा कॅरेटांची केली, आणि तिच्या माथ्यावर आईवडिलांच्या नावांची आद्याक्षरे मोडी वळणाने कोरली. त्या अंगठीचा आमच्या नातलगांत कायमचा उपहास झाला. ‘मास्तरांची चौदा कॅरेटची’ असे तिचे नावच पडले. वडिलांनी ती चोपन्न वर्षे घातली. ते फळ्यावर लिहू लागले की ओळीच्या शेवटी अंगठी फळ्याला लागून टक् असा आवाज होई. वर्गात मागे बसलेल्या मुलालाही ओळ संपल्याचे कळे, आणि तो मुलगा कधी कधी मी असे. त्यांच्यामागे ती पेटीत पडून होती. मोडून नवी करावी हा बेत कोणाला वावगा वाटला नाही, मलाही नाही. सोन्याचे असेच असते. पिढी बदलली की मोड द्यावयाची, घट धरावयाची, मजुरी मोजावयाची. आपल्या मध्यमवर्गीय घरांत पणजीच्या काळचे सोने असते, पणजीच्या काळचा दागिना क्वचितच असतो.

याला आपल्याकडे तत्त्वज्ञानाचाही आधार आहे. उपनिषदात उद्दालक श्वेतकेतूला सांगतो की एक सोन्याचा गोळा जाणला म्हणजे सर्व सोन्याच्या वस्तू जाणल्या. आकार हा केवळ नावाचा. आमच्याच जिल्ह्यात, नेवाशास, शके १२१२ मध्ये म्हणजे १२९० साली सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीतही सोने आणि लेणे यांचा दृष्टांत पुनःपुन्हा येतो. लेणे आटते, सोने राहते. हा विचार परमार्थात निर्विवाद आहे. परंतु व्यवहारात एक मौज होते, ती अशी की वेदान्ती आणि सराफ यांचे या एका बाबतीत संपूर्ण एकमत आहे! दोघेही म्हणतात, सोने खरे, नक्षी खोटी. दोघांच्याही काट्यात आकाराचे वजन शून्य. त्यांच्याविरुद्ध बोलणारे जगात थोडेच, आणि कलेच्या टीकाकाराने त्या थोड्यांत असावयास हवे. सोने कोठेही मिळते. तो आकार, तो घाव, ती अक्षरे एकदाच होतात.

त्याच नेवाशाची मातीही याची साक्ष देते. तेथे १९५४ ते १९५६ व १९५९ ते १९६१ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजतर्फे डॉ. ह. धी. सांकळिया यांच्या मार्गदर्शनाखाली उत्खनने झाली. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचे लोक आपली मेलेली मुले मडक्यांत घालून घराच्या जमिनीखाली पुरीत. अशा एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ सापडली, आणि मण्यांत ओवलेल्या रेशीम व कापूस यांच्या धाग्याचे अवशेष तांब्याच्या गंजाने टिकून राहिले होते. तांबे त्या काळी सुलभ नव्हते. ती माळ काढून घेता आली असती. वितळवून तिचा गळ किंवा छिन्नी करता आली असती. कोणी तरी तसे केले नाही. आमच्या जिल्ह्यातील इतका जुना दागिना आज आपल्याला ठाऊक आहे तो कोणी तरी धातूपेक्षा लेणे खरे मानले म्हणून.

प्रदर्शन पाहून झाल्यावर मी कोपऱ्यातील सोनारांपाशी बसलो आणि अंगठी त्यांच्या हाती दिली. त्यांनी ती तळहातावर तोलली, खिडकीकडे धरली, अंगठ्याचे नख अक्षरांवरून फिरविले.

‘चौदाचं आहे, सर. त्रेसष्ट-चौसष्टातलं असणार.’

‘कसे ओळखलेत, काका?’

‘अक्षरं बघा की. बावीसची असती तर कधीच पुसून गेली असती. माझ्या आईच्या मुदीवरची वेल तीस वर्षांत सपाट झाली. हे सोनं कठीण. कलम चालवताना त्या माणसाचं मनगट दुखलं असेल.’ मग जरा थांबून म्हणाले, ‘मोडायला आणलीय?’

मी होय म्हणालो.

‘मोडून देतो. सोनं निम्म्याहून थोडं जास्त निघेल. अक्षरं मात्र निघायची नाहीत.’

ज्या कमअस्सलपणासाठी ती अंगठी आयुष्यभर हसली गेली, त्यानेच तिची अक्षरे राखली होती. साठ वर्षे आम्ही घरात हसत होतो, आणि कोणाही शहाण्याच्या हे ध्यानी आले नव्हते. आज हॉलमार्कची सक्ती आहे, १६ जून २०२१ पासून ती टप्प्याटप्प्याने लागू झाली, आणि तिच्यात चौदा कॅरेटांनाही ५८५ या अंकाने रीतसर मान्यता आहे. ज्या धातूला त्या काळी नाक मुरडले, त्याच्या अंगठ्या आज हौसेने विकत घेतल्या जातात. मात्र हा अंक सांगतो तो धातूचा कस. अक्षरांचा कस सांगणारा शिक्का अद्याप निघाला नाही. ते काम मासिकांतून लिहिणाऱ्या आम्हा मंडळींचे आहे, आणि आम्ही ते फारसे केलेले नाही. नाटकांची परीक्षणे झाली, कादंबऱ्यांची झाली. गावच्या सोनाराच्या वेढण्याचे परीक्षण कोणी लिहिले?

प्रदर्शन भरविणारांना माझी विनंती दोनच गोष्टींची आहे. पुढच्या वेळी चिठ्ठ्या मराठीतही लिहाव्यात व त्यांवर योजक आणि घडविणारा अशी दोन्ही नावे घालावीत; आणि निदान काही अंगठ्या काचेबाहेर ठेवाव्यात, बोटात घालून पाहता येतील अशा. उपक्रम स्तुत्य आहे, वयाने लहान आहे, आणि पाऊसरेघांची एक अंगठी ज्यात निपजली तो वाया गेला असे कोण म्हणेल?

वडिलांची अंगठी मी परत खिशात घातली. मुलासाठी नवी चांदीची करावी, आत दोन अक्षरे असावीत, असे काकांना सांगितले. माप म्हणून मी वडिलांचीच अंगठी पुढे केली. मुलाचा हात आजोबांच्या हातासारखा आहे असे घरात सर्वच म्हणतात. ती त्यांनी हातात घेतली नाही.

‘मुलाला घेऊन या उद्या,’ ते म्हणाले. ‘बोट पाहिल्याशिवाय अंगठी व्हायची नाही.’